वापरात नसलेले क्रेडिट कार्ड ठेवायचे की बंद करायचे, हे कसे ठरवावे

माझ्या मावसभावाच्या कपाटात, विम्याच्या पॉलिस्यांच्या फाइलीखाली, एक क्रेडिट कार्ड कित्येक महिने पडून होते. सोलापुरात नोकरीला असताना, पहिल्या वर्षी शुल्क नाही असे सांगितल्यामुळे त्याने ते घेतले होते आणि फ्रीज घेताना एकदाच वापरले होते. त्यानंतर त्याची पुण्याला बदली झाली, पत्ता बदलला, मोबाइल नंबर बदलला आणि हे बँकेला कळवायचे राहून गेले. दुसऱ्या वर्षी कार्डावर ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये लागले. त्याची बिले सोलापूरच्या रिकाम्या खोलीवर जात राहिली, दर महिन्याला उशिराचे शुल्क चढत गेले आणि घरकर्जाचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा कर्ज देणाऱ्या बँकेतील अधिकाऱ्याने विचारले, “या कार्डावर तुमची थकबाकी दिसते आहे, ती कशाची?” तोपर्यंत रक्कम पाच हजारांच्या घरात गेली होती.

हा प्रसंग मुद्दाम सुरुवातीला सांगितला, कारण न वापरलेल्या कार्डाबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, “पडू दे कपाटात, खर्च केला नाही तर कसले बिल येणार?” दुसरा म्हणतो, “कशाला ती भानगड, कापून टाक.” या दोन्ही सल्ल्यांत एकच गोष्ट निसटते, ती म्हणजे आपल्या हातात असलेला प्लास्टिकचा तुकडा आणि बँकेच्या दप्तरी असलेले खाते या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कार्ड कपाटात असो, हरवलेले असो की कात्रीने कापलेले असो, खाते चालूच असते. निर्णय घ्यायचा तो या खात्याबद्दल, आणि तो आकडे समोर ठेवून घ्यावा.

आधी सगळी माहिती एका कागदावर

तुमच्या नावावर किती कार्डे आहेत, हे आठवणीवर सोडू नका. भारतात पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवा आणि त्यातील क्रेडिट कार्डांचा भाग सावकाश वाचा. विसरलेली कार्डे येथे हमखास सापडतात, आणि जे कार्ड आपण बंद केले असे समजून चाललो होतो ते अजून चालू असल्याचेही कधीकधी येथेच कळते.

मग प्रत्येक कार्डापुढे त्याचे खाते कोणत्या वर्षी उघडले, मर्यादा किती आहे, वार्षिक शुल्क किती आणि ते कोणत्या महिन्यात लागते, किती खर्च केल्यास ते माफ होते, सध्या काही बाकी किंवा चालू हप्ते आहेत का, आणि त्या कार्डावरून आपोआप कोणती देणी जातात, हे लिहा. एकाच बँकेची दोन कार्डे असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. अनेक बँका दोन्ही कार्डांना मिळून एकच मर्यादा देतात. दोन्ही कार्डांवर दीड लाख लिहिलेले असले तरी एकूण मर्यादा तीन लाख नसून दीड लाखच असते. अशा वेळी त्यांतील एक कार्ड बंद केल्याने एकूण मर्यादेत सहसा फरक पडत नाही आणि निर्णय बराच सोपा होतो.

मर्यादेचे गणित

कार्ड बंद केल्याने सिबिल स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, घसरतो, हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते, पण तो का आणि किती घसरेल हे प्रत्येकाच्या आकड्यांवर अवलंबून असते. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि तो ठरवताना इतर गोष्टींबरोबर, आपल्याला मिळालेल्या एकूण मर्यादेपैकी आपण किती वापरतो हेही पाहिले जाते. हा वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. तीस ही काही लक्ष्मणरेषा नाही. ३१ टक्के झाले म्हणून आकाश कोसळत नाही. तरीही हिशेबाला तो आकडा उपयोगी पडतो.

समजा एका गृहस्थांकडे वेगवेगळ्या बँकांची तीन कार्डे आहेत. पहिल्याची मर्यादा दीड लाख, दुसऱ्याची ८० हजार आणि तिसऱ्याची ७० हजार, म्हणजे एकूण तीन लाख रुपये. घरचा किराणा, पेट्रोल, मुलांची फी असे मिळून त्यांचे महिन्याचे बिल ६० हजारांचे होते आणि ते दर महिन्याला पूर्ण भरतात. त्यांचा वापर झाला २० टक्के. त्यांनी ७० हजारांचे कार्ड बंद केले तर मर्यादा २ लाख ३० हजार उरेल आणि वापर साधारण २६ टक्के होईल. यात काळजीचे काही नाही. त्याऐवजी दीड लाखाचे कार्ड बंद केले तर मर्यादा निम्म्यावर येईल आणि तोच खर्च ४० टक्क्यांचा दिसू लागेल. खर्च वाढला नाही, शिस्त बिघडली नाही, तरी कागदावर माणूस अधिक ताणलेला दिसेल. म्हणून आपल्या कागदावर हीच वजाबाकी प्रत्येक कार्डासाठी करून पाहा.

ज्यांची वजाबाकी वाईट निघते त्यांच्यासाठीही मार्ग आहे. उरणाऱ्या कार्डाची मर्यादा वाढवून मिळते का, हे आधी विचारावे आणि ती वाढल्यानंतरच दुसरे कार्ड बंद करावे. दुसरा उपाय असा की, बिल तयार होण्याच्या तारखेपूर्वीच खर्चाची बरीचशी रक्कम भरून टाकावी, म्हणजे बिलात दिसणारी बाकी कमी राहते आणि सहसा तीच बाकी माहिती कंपन्यांना कळवली जाते. ज्यांचा महिन्याचा खर्च मर्यादेच्या दहा टक्क्यांच्याही आत आहे, त्यांनी या मुद्द्यावर फार डोके शिणवू नये.

सर्वांत जुने कार्ड

आपला पतविषयक इतिहास किती जुना आहे, यालाही वजन असते. म्हणून सर्वांत जुन्या कार्डाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः त्या कार्डाला वार्षिक शुल्क नसेल तर. पण यातही घाबरवणारी एक अर्धवट समजूत पसरलेली आहे. कार्ड बंद केले की त्याचा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो, असे नाही. वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद बंद खात्याखाली पुढे काही वर्षे अहवालात दिसत राहते. तोटा होतो तो हळूहळू, कारण त्या खात्यात नवी चांगली नोंद पडणे थांबते. ज्याच्याकडे दहा वर्षांचे घरकर्ज आणि आणखी दोन जुनी कार्डे आहेत त्याला हा तोटा जाणवणारही नाही. ज्या तरुणाचे एकुलते एक कार्ड आणि पतविषयक सारा इतिहास तीनच वर्षांचा आहे, त्याने मात्र ते कार्ड बंद करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

येत्या सहा महिन्यांत घरकर्ज किंवा वाहनकर्ज घ्यायचे असेल, तर कार्डे बंद करण्याचा विषय कर्ज हातात पडेपर्यंत पुढे ढकलावा. एकच अपवाद, कर्ज देणाऱ्या बँकेनेच एखादे कार्ड बंद करायला सांगितले असेल तर तसे करावे. येथे आणखी एक सूचना करावीशी वाटते. इंटरनेटवर या विषयावर जो सल्ला वाचायला मिळतो त्यातील बराचसा अमेरिकेतील वाचकांसाठी लिहिलेला असतो. तिकडची स्कोअरची पद्धत वेगळी आणि नियमही वेगळे, त्यामुळे तेथील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातलगाने सांगितलेला अनुभव खरा असला तरी तो तिथला आहे, हे लक्षात ठेवावे.

केव्हा बंद करणेच योग्य

वर्षाला हजार रुपये शुल्क असेल तर जीएसटीसह ते ११८० रुपये होते. त्या कार्डातून वर्षभरात तेवढा लाभ खरोखर मिळाला का, हे मागील बारा बिले काढून पाहावे. “लाउंज फुकट आहे” हा लाभ विमानतळावर गेलेल्या माणसाला असतो, न गेलेल्याला नसतो. शुल्क माफ व्हावे म्हणून वर्षाला लाखभर रुपये खर्च करण्याची अट असेल आणि ती पुरी करण्यासाठी आपण नको ती खरेदी करत असू, तर तेही एक प्रकारचे शुल्कच आहे.

तरीही शुल्क हे एकमेव कारण असेल तर बंद करण्यापूर्वी बँकेला विचारून पाहावे. शुल्क माफ करता येईल का, किंवा याच खात्यावर शुल्क नसलेले दुसरे कार्ड मिळेल का, हे दोन प्रश्न विचारायला काही लागत नाही. दुसरे कार्ड देत असतील तर जुने खाते तसेच चालू राहणार की नवे खाते उघडणार, हे नक्की विचारा, कारण नवे खाते उघडले तर जुनेपणाचा लाभ राहत नाही. जे काही कबूल करतील ते ईमेलवर मागा.

ज्यांच्या हातात कार्ड असले की खर्च आवरत नाही आणि ज्यांचे बिल पूर्ण न भरता किमान रक्कम भरून पुढे ढकलले जाते, त्यांनी मात्र स्कोअरचा विचार बाजूला ठेवून बाकी फेडावी आणि कार्ड बंद करावे. महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज लागले तर ते वर्षाला ४२ टक्क्यांवर जाते. स्कोअरचे काही गुण वाचवण्यासाठी एवढे व्याज भरणे कोणालाही परवडणारे नाही. मी अशी घरे पाहिली आहेत जेथे एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डाने फेडली जात होती, आणि त्या घरांतील झोप उडालेल्या माणसांना तीस टक्क्यांचे गणित सांगणे निरर्थक आहे.

ठेवायचे असेल तर

ठेवायचे ठरवले तरी कार्ड नुसते कपाटात ठेवून चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, एखादे कार्ड एक वर्षाहून अधिक काळ वापरले गेले नाही तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते आणि ३० दिवसांत ग्राहकाचे उत्तर आले नाही, तर देणी भागवण्याच्या अटीवर खाते बंद करायचे असते. म्हणजे जे जुने कार्ड आपण इतिहासासाठी जपून ठेवले, तेच आपल्या दुर्लक्षामुळे बंद होऊ शकते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी त्यावर एखादा छोटा खर्च करावा. महावितरणचे एखादे बिल किंवा मोबाइलचे रिचार्ज पुरेसे आहे. त्याची रक्कम बचत खात्यातून आपोआप पूर्ण भरली जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी.

उरलेल्या वेळी कार्ड कुलूपबंद ठेवता येते. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि दुकानातील व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची सोय असते. ते सगळे बंद ठेवावेत आणि लागेल तेव्हाच उघडावेत. मोबाइल नंबर, ईमेल आणि पत्ता बदलला की ज्या कार्डाचा वापर सर्वांत कमी आहे तेथे तो आधी कळवावा, कारण तेच कार्ड आपण विसरणार असतो.

बंद करायचे असेल तर, क्रमाने

बंद करण्याच्या अर्जापूर्वीची कामे अधिक महत्त्वाची आहेत, आणि घाई नेमकी तेथेच होते. सर्वप्रथम त्या कार्डाला जोडलेली सगळी आपोआप जाणारी देणी दुसरीकडे वळवा. विम्याचा हप्ता, फास्टॅगचे रिचार्ज, विजेचे बिल, मुलांच्या ऑनलाइन शिकवणीचे मासिक शुल्क, चित्रपट पाहण्याच्या ॲपची वर्गणी यांपैकी काहीही त्यावर असू शकते. वर्षातून एकदाच जाणारी देणी सर्वांत फसवी असतात, म्हणून मागील बारा महिन्यांची बिले चाळा. मासिक हप्त्याच्या विमा पॉलिसीला हप्ता चुकल्यावर मिळणारी सवलतीची मुदत साधारण १५ दिवसांचीच असते. बंद कार्डामुळे हप्ता परत गेला आणि तो संदेश आपण वाचला नाही, तर विम्याचे कवच जाऊ शकते. यूपीआय ॲपला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेले असेल तर तेही तेथून काढा.

त्यानंतर रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, कारण खाते बंद झाल्यावर ते सहसा बुडतात. एखादी वस्तू परत केली असेल किंवा तिकीट रद्द केले असेल तर त्याचे पैसे कार्डावर जमा होईपर्यंत थांबा. कार्डावर हप्त्यांनी घेतलेली वस्तू असेल तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरावे लागतील आणि त्यावर मुदतपूर्व फेडीचे शुल्कही लागू शकते, तेव्हा हप्ते संपेपर्यंत थांबणे फायद्याचे आहे का ते पाहा. पत्नीच्या किंवा मुलाच्या नावाचे पुरवणी कार्ड असेल तर मुख्य खात्याबरोबर तेही बंद होईल, हे त्यांना आधी सांगा. मुदत ठेवीच्या तारणावर मिळालेले कार्ड असेल तर खाते बंद झाल्यावर ठेवीवरील बोजा उतरवून घ्यायचा, हेही लिहून ठेवा.

आता बाकी. शेवटचे बिल भरले म्हणजे बाकी शून्य झाली, असे नेहमीच नसते. मागील महिन्यांत बिल अर्धवट भरले असेल तर बिल तयार झाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते. अशी तीस-चाळीस रुपयांची बाकी राहून गेली की तिच्यावर व्याज चढू लागते. म्हणून पैसे भरल्यावर पुढचे बिल येऊ द्यावे, त्यात शून्य दिसल्याची खात्री करावी आणि मगच अर्ज करावा. उलट आपलीच काही रक्कम जास्त जमा असेल तर ती बँकेने आपल्या बचत खात्यात वळवायची असते. त्यासाठी खात्याचा तपशील देऊन ठेवावा.

अर्ज करण्यासाठी हेल्पलाइन, ईमेल, बँकेचे संकेतस्थळ, नेट बँकिंग आणि मोबाइल ॲप असे अनेक मार्ग बँकेने उपलब्ध ठेवायचे असतात आणि पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. माझी पसंती ईमेलला आहे, कारण त्यात तारीख आणि मजकूर दोन्ही आपल्याकडे राहतात. ईमेल लांबलचक नको. “माझ्या नावावरील, शेवटचे चार अंक अमुक असलेले क्रेडिट कार्ड खाते कायमचे बंद करावे. खात्यावर कोणतीही बाकी नाही. खाते बंद केल्याचे आणि काहीही देणे नसल्याचे पत्र ईमेलने पाठवावे,” एवढे पुरते. कार्डाचा पूर्ण क्रमांक, मागचा तीन अंकी क्रमांक किंवा ओटीपी कोठेही लिहू नका आणि फोनवर कोणी मागितला तरी देऊ नका.

फोनवरून अर्ज केलात तर पलीकडचा प्रतिनिधी जादा पॉइंट किंवा एका वर्षाची शुल्कमाफी देऊ करतो. ते आपल्याला हवे असेल तर घ्यावे, नको असेल तर शांतपणे नकार देऊन तक्रार क्रमांक मागावा. नुसते “कार्ड ब्लॉक करा” असे म्हणू नये. ब्लॉक केल्याने व्यवहार थांबतात, पण खाते तसेच राहते आणि वार्षिक शुल्क लागायचे तेव्हा लागते. शब्द वापरायचा तो “खाते बंद करा” हाच.

बाकी नसेल तर अर्ज आल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत बँकेने खाते बंद करायचे असते आणि ते ताबडतोब ईमेल किंवा एसएमएसने कळवायचे असते. त्यापुढे उशीर झाला तर खाते बंद होईपर्यंत प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. सात दिवस उलटले तर त्याच ईमेलच्या उत्तरात या तरतुदीची आठवण करून द्यावी. तक्रार करूनही ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही किंवा तिच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.

पत्र हातात आले की कार्ड कापावे. कापताना सोनेरी चिप आणि मागची काळी पट्टी या दोन्हींचे तुकडे होतील असे पाहावे. पत्र मात्र जपून ठेवावे, कारण काही वर्षांनी वसुलीच्या नावाखाली कोणी फोन केलाच तर तेच उपयोगी पडते.

दीड-दोन महिन्यांनी पतविषयक अहवाल पुन्हा काढून त्या कार्डापुढे खाते बंद झाल्याची तारीख आणि शून्य बाकी दिसते का, ते पाहावे. चूक दिसली तर बँक आणि माहिती कंपनी या दोघांकडे तक्रार नोंदवावी. तक्रार पूर्ण माहितीनिशी दिल्यावर ३० दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. “बंद” आणि “तडजोडीने मिटवले” या दोन नोंदींमधला फरक येथे डोळ्यात तेल घालून पाहावा. थकलेली रक्कम पूर्ण न घेता बँकेने काही भाग सोडून दिला तर दुसरी नोंद पडते आणि पुढे कर्ज देणारा तिच्याकडे संशयाने पाहतो.

माझ्या मावसभावालाही तशी तडजोड सुचवण्यात आली होती. पाच हजारांपैकी निम्मे भरा आणि मोकळे व्हा, असे फोनवर सांगितले तेव्हा तो लगेच तयार झाला होता. त्याला थांबवले, लागलेल्या शुल्कांचा तपशील बँकेकडून ईमेलवर मागवला, काही शुल्क माफ करण्याची लेखी विनंती केली आणि बँकेने जी रक्कम पूर्ण देणे म्हणून कळवली ती त्याने भरली. मग पुढच्या बिलात शून्य आल्यावर खाते बंद करण्याचा ईमेल गेला. चौथ्या दिवशी उत्तर आले. दोन महिन्यांनी काढलेल्या अहवालात त्या कार्डापुढे “बंद” असे होते आणि थकबाकीच्या रकान्यात शून्य होते. उशीर झालेल्या महिन्यांच्या नोंदी मात्र तशाच होत्या, आणि घरकर्जाच्या फाइलीत त्यांचा खुलासा त्याला लेखी जोडावा लागला.